वर्गातला लघुपट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आठवीच्या ३० मुलांसाठी दोन दिवसांची चित्रपट कार्यशाळा घ्यायची आहे. हाताशी फक्त मोबाइल आहेत. सुरुवात कशी करावी?

उत्तर : सहा-सहा जणांचे पाच गट करा. दिग्दर्शन, कॅमेरा आणि आवाज यांना एकेक जण, क्लॅप (शॉटच्या सुरुवातीची टाळी) आणि शॉटची नोंद ही दोन्ही कामं मिळून एक जण, दोघं अभिनयाला. दर दृश्यानंतर कामं बदला. नाहीतर कॅमेरा एकाच्याच हातात राहतो आणि मुली नोंदवहीपाशी अडकतात, हे होऊ देऊ नका.

पटकथेआधी सराव द्या : पाच शॉट, गोष्टीच्या क्रमानेच टिपलेले, संकलन न करता एक मिनिट. मुलं शॉट किती घाईने तोडतात ते इथेच दिसतं. 'ॲक्शन'च्या आधी आणि 'कट'च्या नंतर तीन-तीन सेकंद रेकॉर्डिंग चालू हवं; नाहीतर संकलनात कापायला जागाच उरत नाही. मुख्य गोष्ट दोन मिनिटांची, एकाच जागी घडणारी, फार तर १२ शॉटची असावी.

प्रश्न : मागच्या वेळी संवाद ऐकूच आले नाहीत. माइक विकत घ्यावा का?

उत्तर : आधी अंतर कमी करा. रिकाम्या वर्गात फोन मीटरभरापेक्षा लांब गेला की शब्दांपेक्षा घुमाराच जास्त येतो. दुसरा फोन फक्त आवाजासाठी ठेवा : विमान मोडवर, चौकटीच्या जरा बाहेर, बोलणाऱ्याच्या छातीजवळ. शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. तळवे भिडतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं टोक जुळवलं की संवाद ओठांशी बसतात. लांब शॉटमध्ये ही जुळणी शेवटाकडे ढळू शकते, कारण बरेच फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात. म्हणून शॉट अर्ध्या मिनिटात आटपा. पंखे बंद ठेवा, आणि निघण्यापूर्वी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प राहून त्या खोलीची शांतता टिपून घ्या. दोन संवादांमधल्या फटी बुजवायला तीच लागते. एवढं करूनही आवाज पातळ वाटला, तरच कॉलर माइकचा विचार करा.

प्रश्न : ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे येतात.

उत्तर : ५० हर्ट्झच्या विजेवर अशा दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवता येईल असं कॅमेरा ॲप वापरा. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. ते जमत नसेल तर दिवे बंद करून खिडकीपाशी चित्रीकरण करा. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करायला मात्र विसरू नका.