महजोंगच्या 'ड्रॅगन' सोंगट्यांवर ड्रॅगनचं चित्र का नसतं? बाकीच्या चित्रांचा अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की आत्याकडून मिळालेल्या महजोंगच्या, म्हणजे सोंगट्यांनी खेळायच्या चिनी खेळाच्या, जुन्या संचात ड्रॅगनच्या सोंगट्या आहेत, पण ड्रॅगन कुठेच दिसत नाही. संचात काही चुकलेलं नाही. चिनी माणसाच्या लेखी तिथे ड्रॅगन कधी नव्हताच. १९२०च्या दशकात हा खेळ अमेरिकेत पोचला आणि त्याची हौस पसरली, तेव्हा 'ड्रॅगन', 'बांबू' ही इंग्रजी नावं रूढ झाली. आपल्याकडेही तीच आली. त्या नावांमागे मूळ अर्थ झाकला गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी सात वर्षं सिंगापूरला होते. शेजारच्या आजींना सगळे 'आ-मा' म्हणत, मीही म्हणायचे. त्यांनीच मला हा खेळ शिकवला आणि पहिल्या दिवशी काय केलं, तर तीन सोंगट्या माझ्यासमोर मांडल्या: मोठं गोल वर्तुळ असलेली, हिरव्या कांड्यांची आणि अक्षरांची. म्हणाल्या, "हे सगळे पैसे आहेत."

वर्तुळ म्हणजे नाणं. चिनी नाण्याला मधोमध चौकोनी भोक असे. (आपल्याकडे १९४३ पासून काही वर्षं भोकाचा पैसा होता, तो घरातल्या मोठ्यांना आठवत असेल, त्याचं भोक मात्र गोल.) त्या भोकातून दोरी ओवून नाण्यांच्या माळा करत. ज्यांना आपण बांबू म्हणतो त्या या माळा. चिनी नाव 'स्वो', म्हणजे दोर. आणि तिसऱ्या गटावर खाली लाल रंगात 'वान' हे अक्षर असतं, त्याचा अर्थ दहा हजार. नाणं, माळ, दहा हजार. चीनच्या मिंग घराण्याच्या काळात (१३६८ ते १६४४) 'मादियाव' नावाचा पत्त्यांचा खेळ होता, त्यातही हेच गट होते.

एक नंबरच्या दोरावर मात्र दोर नसून पक्षी असतो. कुठे तो मोरासारखा दिसतो, तर खेळणारे त्याला सर्रास 'कोंबडी' म्हणतात. खेळाच्या जुन्या नावाचा, 'माछ्वे'चा, अर्थ आहे चिमणी.

आता तुमचे ड्रॅगन. लाल अक्षर 'जोंग', हिरवं 'फा' आणि तिसरी कोरी किंवा निळ्या चौकटीची. 'जोंग' म्हणजे मध्य, पण उच्चाराचा हेल बदलला की 'नेम लागणे', आणि त्यावरूनच राजदरबारची, म्हणजे सरकारी अधिकारी निवडण्याची, परीक्षा उत्तीर्ण होणे. 'फा' हे 'फाछाय'मधलं, म्हणजे भरभराट. नववर्षाला 'गोंगशी फाछाय' म्हणतात तेच. कोऱ्या सोंगटीला आ-मा स्वच्छ मन म्हणायच्या. हा लोकांनी लावलेला अर्थ आहे, पण मला तो फार आवडतो. या तिघींना मिळून चिनीत 'सान-युआन' म्हणतात, आणि हाच शब्द परीक्षेच्या तिन्ही पायऱ्यांवर पहिलं येण्यासाठी वापरत. ती परीक्षा १९०५ साली बंद झाली. महजोंगला आजचं रूप आलं एकोणिसाव्या शतकात, म्हणजे पोरगा परीक्षेत पास व्हावा म्हणून अख्खं घर झुरत असे त्या काळात. सोंगटीवर ड्रॅगनपेक्षा हे असणं कितीतरी खरं.

वाऱ्यांच्या सोंगट्या चार दिशांच्या. पूर्व पहिली, मानाची. गंमत अशी की पूर्वेला बसलेल्याच्या उजव्या हाताला दक्षिण बसते, म्हणजे नकाशाच्या अगदी उलट. आणि पश्चिम जरा जपून: 'पश्चिमेला गेले' म्हणजे वारले, कारण अमिताभ बुद्धाचा स्वर्ग त्या दिशेला. आपण कैलासवासी म्हणतो तसंच.

फुलांच्या चार सोंगट्यांवर आलुबुखारच्या जातीच्या झाडाचा बहर, ऑर्किड, शेवंती आणि बांबू असतात (हा मात्र खराखुरा बांबू). चिनी चित्रकलेत यांना 'चार सज्जन' म्हणतात. पहिलं कडाक्याच्या थंडीत फुलतं, ऑर्किड दरीत कुणी बघत नसतानाही दरवळतं, शेवंती हिमकणांना भीत नाही, बांबू वाकतो पण मोडत नाही. उरलेल्या चार सोंगट्या ऋतूंच्या. सिंगापूरच्या संचात याखेरीज मांजर-उंदीर आणि कोंबडा-गोम अशा जोड्याही असतात, एकाने दुसऱ्याला खायचं अशा.

डावांची नावंही अशीच. डावाच्या सुरुवातीला सोंगट्या पालथ्या रचून भिंत करतात, तिच्यातली अगदी शेवटची सोंगटी उचलून जिंकलात, तर त्याला 'समुद्राच्या तळातून चंद्र काढणं' म्हणतात. आ-मांनी एकदा तो काढला. सोंगटी उलटवून पाहिलीसुद्धा नाही. अंगठ्याने कोरीव खाचा चाचपल्या, डोळे मिटले आणि ती पटावर ठेवली. दोन नंबरचं नाणं होतं.

तुमचा संच हाडाचा असेल तर तुम्हीही डोळे मिटून एकेक सोंगटी चाचपून बघा. आणि कोऱ्या सोंगट्या चारपेक्षा जास्त निघाल्या तर गोंधळू नका, जादाच्या बहुधा हरवलेल्यांच्या जागी वापरायला दिलेल्या असतात.