पोस्टाने पाठवलेल्या कागदांसाठी इंग्रजी पत्रात 'मेल्ड' लिहिलं तर चालेल का?

नको, इथल्या ऑफिसला लिहिताय तर सरळ 'सेंट बाय स्पीड पोस्ट' लिहा आणि शेजारी ट्रॅकिंग नंबर टाका. मी बडोद्यात एका कंपनीत आवक-जावक बघते, इकडे 'मेल केलंय' म्हटलं की समोरचा इनबॉक्सच उघडतो, कागद टपालात आहेत हे कुणाच्या डोक्यातही येत नाही आणि मग नसता घोळ होतो. ब्रिटिश इंग्रजीत टपालाला 'पोस्ट'च म्हणतात (तिथल्या टपालसेवेचं नाव रॉयल मेल असलं तरी!) आणि आपल्याकडे तीच सवय आलीय. फक्त अमेरिकेत कुणाला लिहीत असाल तर उलटं, तिकडे 'मेल्ड' म्हणजे सहसा पोस्टानेच, म्हणून ईमेल केला असेल तर 'ईमेल्ड' असं पूर्ण लिहा.