एलिगन्ट कोडला मराठीत काय म्हणावं?

नांदेडला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला मराठीतून सेमिनार द्यायचा आहे. चार ओळींचा एखादा कोड बघून जाणकार माणूस ‘एलिगन्ट आहे’ म्हणतो, तेव्हा त्याला जे म्हणायचं असतं त्यासाठी मराठी शब्द कोणता, असं तिने विचारलंय. शब्दकोशात तिला ‘डौलदार’ सापडला, मैत्रिणीने ‘सुटसुटीत’ सुचवला. दोन्ही तिला पटले नाहीत, आणि ते बरोबरच आहे. डौल चालण्यात असतो, मानेत असतो. पोळ्याला सजवलेला बैल डौलदार. सुटसुटीत म्हणजे ज्यात गुंता नाही ते. पण गुंता नसलेला कोड लांबलचकही असू शकतो.

माझं उत्तर : नेटका.

हा शब्द मी परभणीला आजीच्या चुलीपुढे शिकले. ज्वारीची शेवटची भाकर तव्यावर पडायची आणि परातीत पाहावं तर ना पीठ उरलेलं, ना कमी पडलेलं. भाकरीची कड सगळीकडून सारखी, मध्ये जाड नाही, काठाला चीर नाही. आजी परात पालथी घालताना स्वतःशीच म्हणायची, “नेटकं झालं बगा.” त्या ‘नेटकं’मध्ये देखणेपण होतं, पण ते वरून लावलेलं नव्हतं. जेवढं लागतं तेवढंच घेतलं आणि ते पुरलं, यातून ते आलं होतं.

आता कोडकडे या. शाळेतला मसावि घ्या. २५२ ला १०५ ने भागलं की बाकी ४२. १०५ ला ४२ ने भागलं की बाकी २१. ४२ ला २१ ने भागलं की बाकी शून्य. मसावि २१. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास होऊन गेलेल्या युक्लिडच्या नावाने ही रीत ओळखली जाते. कोडमध्ये ती एवढीच : दोन संख्यांना अ आणि ब म्हणा. ब शून्य होईपर्यंत अ च्या जागी ब ठेवा, आणि ब च्या जागी अ ला ब ने भागून उरलेली बाकी. शेवटी अ हे उत्तर.

नवशिका इथे आधी एक ‘जर’ घालतो : अ लहान असेल तर दोघांची अदलाबदल करा. त्याची गरज नाही. १०५ आणि २५२ असे उलटे देऊन बघा. १०५ मध्ये २५२ शून्य वेळा जातात, बाकी १०५. म्हणजे पुढच्या फेरीत अ झाला २५२ आणि ब झाला १०५. अदलाबदल आपोआप झाली! जी अडचण वेगळी हाताळावी लागेल असं वाटत होतं, ती मूळ ओळीतच विरघळली. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा अंगावर काटा आला होता. परातीत पीठ उरलं नाही, ते हेच.

‘नेटका’ हा इंग्रजी ‘नीट’वरून आलेला असावा, अशी शंका काहींना येते. तसं नाही. “आधीं प्रपंच करावा नेटका” असं रामदासांनी सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय. आणि ते जन्माने (१६०८) आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांबचे. ‘नीटनेटका’ मात्र इथे वापरू नका. नीटनेटकेपणा बाहेरच्या मांडणीचा असतो : ओळी डावीकडून किती आत सरकवल्या, नावं, मोकळ्या जागा. नीटनेटका कोड आतून ओबडधोबड असू शकतो.

संस्कृत व्याकरणकारांकडे याच गुणासाठी अगदी चपखल शब्द होता, लाघव. सूत्रात अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माइतका आनंद होतो, असं वचनच आहे. आणि लाघवाच्या उलट गौरव, म्हणजे जडपणा. शास्त्रात तो दोष! मला हा शब्द फार प्रिय आहे, पण मराठीत ‘लाघवी’ म्हटलं की गोड बोलणारं, लळा लावणारं माणूस डोळ्यापुढे येतं. ‘लाघवी कोड’ ऐकून श्रोत्यांचा गोंधळच उडेल.

एक भेद सेमिनारमध्ये जरूर सांगावा. नुसत्या कमी ओळी म्हणजे नेटकेपणा नव्हे. पाच कामं एका ओळीत कोंबली आणि वाचणाऱ्याला उलगडेना, तर तो कोड त्रोटक. कमी ओळींच्या हौसेपायी एखादी शक्यता हाताळायचीच राहिली, तर तो आखूड. पांघरूण आखूड असतं तसा, पाय उघडे टाकणारा. मसाविच्या त्या ओळीत ब आधीच शून्य असेल तरी फेरी सुरूच होत नाही आणि अ हेच बरोबर उत्तर मिळतं. काहीही उघडं राहत नाही.

तेव्हा विशेषण ‘नेटका’, भाववाचक नाम ‘नेटकेपणा’. कोड पुल्लिंगी धरून ‘नेटका कोड’ म्हणा. ‘आज्ञावली’ वापरणार असाल तर ‘नेटकी आज्ञावली’.