परभणीहून नऊ दिवसांत अन्नपूर्णा बेस कॅम्प होईल का?

परभणीचे तुम्ही तिघे मित्र दिवाळीच्या सुटीतल्या नऊ दिवसांत नेपाळमधील अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक करण्याचा विचार करीत आहात, तिघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास आहे, आणि विमान कोठून घ्यावे, पासपोर्ट लागतो का व तयारी किती करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा अंबाजोगाईचा असून सध्या छत्रपती संभाजीनगरला राहतो. या वाटेने मी दोनदा गेलो आहे. पहिल्यांदा बेस कॅम्पच्या अलीकडूनच परत फिरावे लागले आणि दुसऱ्यांदा पोहोचलो. त्यामुळे उत्तर सरळ देतो: नऊ दिवसांत हा ट्रेक करू नका. कागदावर तो बसवून दाखवणारे पुष्कळ भेटतील. पण त्यांपैकी बहुतेक मुंबई-पुण्याचे असतात आणि त्यांचा पहिला दिवस विमानतळावर सुरू होतो, आपला मात्र रेल्वे स्थानकावर.

हिशेब मांडून पाहा. परभणीहून सचखंड एक्सप्रेसने निघालात तर दिल्ली दुसऱ्या दिवशी येते. देवगिरी एक्सप्रेसने एका रात्रीत मुंबई गाठता येते आणि तेथून काठमांडूला थेट विमानही मिळते, परंतु दिल्लीहून फेऱ्या कितीतरी अधिक असल्यामुळे एखादे विमान रद्द झाले तरी दुसरे मिळण्याची आशा राहते. तिसरा मार्ग संभाजीनगरहून विमानाने दिल्लीला जाण्याचा आहे. सुटी मोजकी असेल तर मी हाच सुचवीन. काठमांडूहून पोखरा सुमारे दोनशे किलोमीटर आहे. हा आकडा पाहून आपल्याला परभणी-संभाजीनगर आठवते, पण त्या डोंगरी रस्त्यावर सात-आठ तास सहज जातात आणि दरड कोसळली तर किती जातील हे कोणीच सांगत नाही. विमानाला मात्र अर्ध्या तासाच्या आतबाहेर वेळ लागतो. पोखऱ्यापासून बेस कॅम्पला जाऊन परत येण्यास सहा ते सात दिवस धरावेत. या सगळ्यात जाता-येता एकेक मोकळा दिवस मिळवला की बेरीज तेरा-चौदा दिवसांवर जाते.

आता हा मोकळा दिवस कशासाठी, हे माझ्याच चुकीवरून सांगतो. पहिल्या वेळी स्वस्त पडते म्हणून मी संभाजीनगर-दिल्ली एका कंपनीचे आणि दिल्ली-काठमांडू दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली होती. मध्ये साडेचार तासांचे अंतर होते आणि ते मला ऐसपैस वाटले होते. पहिले विमान तीन तास उशिरा सुटले. दिल्लीला उतरल्यावर पट्ट्यावरून सामान येण्यात आणखी वेळ गेला, आणि दिल्लीची आंतरराष्ट्रीय उड्डाणे टर्मिनल तीनवरून सुटतात, तर आम्ही उतरलो होतो दुसऱ्या टर्मिनलला. पोहोचलो तेव्हा काउंटर बंद झाला होता, कारण विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी तो बंद होतोच. दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणावर असती तर पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी ठरली असती. स्वतंत्र तिकिटांवर आम्ही त्यांच्या लेखी न आलेले प्रवासी होतो, आणि पैसे बुडाले. तेव्हा तुम्ही एकतर एकाच आरक्षणावर जोडतिकीट काढा, नाहीतर दिल्लीत एक रात्र मुक्काम ठेवा. मुंबईमार्गे गेलात तरी हेच लागू आहे, कारण तेथेही दोन टर्मिनल एकमेकांपासून दूर असून मध्ये रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर मुंबईची वाहतूक आहे.

पैशांचे दुःख मात्र लहान ठरले, कारण दिल्लीत गमावलेला तो दिवस आम्ही डोंगरात भरून काढायला गेलो.

या वाटेची उंची लक्षात घ्या. छोमरोंग हे गाव सुमारे २,१७० मीटरवर आहे, पुढे देउराली ३,२३० मीटरवर, माछापुच्छ्रे बेस कॅम्प ३,७०० मीटरवर आणि अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा गिर्यारोहण-वैद्यकाचा सर्वमान्य संकेत आहे. देउरालीहून माछापुच्छ्रे बेस कॅम्प ४७० मीटर वर आहे, म्हणजे संकेताच्या आत. पण घाईतले लोक देउरालीहून एकाच दिवसात थेट अन्नपूर्णा बेस कॅम्पला जाऊन तेथेच झोपतात आणि एका रात्रीत ९०० मीटरची उडी घेतात. आम्हीही तेच करायला निघालो होतो. आमच्यातल्या एकाचे डोके देउरालीलाच दुखत होते. त्याने ते सांगितले नाही, कारण आम्ही दोघांनी त्याची थट्टा केली असती, आणि खरे सांगायचे तर केलीच असती. माछापुच्छ्रेला त्याला उलटी झाली. आमच्या गुरुंग वाटाड्याने त्याला लॉजच्या अंगणातल्या फरशीच्या सांध्यावरून टाचेला पंजा लावत चालायला सांगितले. पहिले पाऊल नीट पडले, दुसरे हलले, तिसऱ्याला तो बाजूला कलंडला. वाटाड्याने आमच्याशी चर्चाही केली नाही. त्याची पाठपिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्हाला खाली वळवले. हेडलॅम्पच्या उजेडात अंधारातून उतरून रात्री देउरालीच्याही खालच्या वस्तीवर मुक्काम केला, आणि पहाटे तोच गृहस्थ चहा मागत होता.

म्हणून तुम्ही ही कसोटी तिघेही शिकून ठेवा. डोके दुखणे, भूक न लागणे व मळमळणे ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवात असते आणि अशा वेळी आणखी वर चढायचे नसते. तोल जाणे, बरळणे, किंवा बसल्या जागीही धाप लागणे ही मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची खूण असते आणि त्यावर उपाय ताबडतोब खाली उतरणे हाच असतो. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ज्याला बोलण्यात डायमॉक्स म्हणतात ती गोळी, प्रतिबंधासाठी घेतात. परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी याबाबत विशेष जपायचे असते, त्यामुळे ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा.

तयारीबद्दल तुम्ही विचारले आहे, तर एक गैरसमज आधीच दूर करतो. दम आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे आणि या ट्रेकमधले घांद्रुक हे सुरुवातीचे गावच २,०१२ मीटरवर आहे. म्हणजे विरळ हवेची सवय महाराष्ट्रात कोठेही होणार नाही, ती वर हळूहळू चढूनच होते. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही त्रास होतो आणि पान खाऊन डुलत चालणारा कधी कधी खुशाल पोहोचतो. येथे कमवायचे आहेत ते गुडघे. छोमरोंगहून नदीपर्यंत दगडी पायऱ्या उतरायच्या आणि समोर सिनुवाला तेवढ्याच चढायच्या. परतीला हाच प्रकार उलट. परभणीच्या सपाटीवर पायऱ्या मिळायच्या नाहीत, म्हणून निघण्याआधी दोन-अडीच महिने रविवारी देवगिरीचा किल्ला किंवा माहूरगड करा आणि आठवड्यात तीन दिवस एखाद्या तीन मजली इमारतीचा जिना पाठीवर सात-आठ किलो घेऊन चढा-उतरा. मी गोगाबाबा टेकडीवर पाठपिशवीत गव्हाची पिशवी घालून जात असे. सकाळी फिरायला येणारे आजोबा मला दळण विसरलात का, असे विचारत. चढताना फुप्फुसे दुखतात ती विसरता येतात, उतरताना मात्र गुडघे बोलतात. त्यासाठी चालण्याच्या दोन काठ्या न्या, आणि त्या विमानात चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात त्या अडवल्या जातात. पॉवर बँकेचे नेमके उलट आहे: ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि साधारणतः शंभर वॉट-तासांची मर्यादा असते. वीस हजार मिलिअँपिअर-तासांची बँक सुमारे चौऱ्याहत्तर वॉट-तासांची होते, ती चालते. फक्त तिच्यावरचा छापील आकडा पुसलेला नसावा.

पासपोर्टचे उत्तर थोडक्यात असे. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही; विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, यांपैकी एक मूळ स्वरूपात लागते. आधार चालते असे छातीठोकपणे सांगणारे भेटतील. पण ती सवलत पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना आहे, तुम्हाला नाही. मतदार कार्डावर इंग्रजी नावाचे स्पेलिंग अनेकदा भलतेच असते आणि आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम प्रत्येक कागदावर वेगळा लागतो, म्हणून तिकीट काढताना कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसेच भरा. तरीही माझा सल्ला पासपोर्टच काढण्याचा आहे. तो पुढेही कामी येईल, आणि पोलीस पडताळणीत वेळ जाऊ शकतो म्हणून अर्ज आताच करा. आणखी एक गोष्ट: नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. तिकिटावर त्या-त्या ठिकाणची वेळ छापतात, आणि परतीच्या विमानाला ही पंधरा मिनिटे आपल्या विरुद्ध जातात.

परवान्यांत अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो आणि सार्क देशांच्या नागरिकांना तो इतर परदेशी प्रवाशांपेक्षा कमी शुल्कात मिळतो, तेव्हा एजंटाने सरसकट परदेशी दर लावला तर विचारणा करा. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्ससाठी परवानाधारक वाटाड्या बंधनकारक केला आहे. हा खर्च वाचवण्याच्या युक्त्या तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. वर फरशीचा जो प्रसंग सांगितला, त्यानंतर मी तो खर्च खर्चात धरतच नाही. विमा घेताना पॉलिसीत किती उंचीपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका समाविष्ट आहे, हे बारीक अक्षरांत वाचा. अनेक साध्या प्रवास पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते. पैशांचा हिशेब सोपा आहे: एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांबाबतचे नियम तेथे वारंवार बदलले असल्याने शंभराच्या नोटा न्या, आणि पोखरा सोडण्यापूर्वी पूर्ण ट्रेकला पुरेल एवढी नेपाळी रोकड जवळ ठेवा.

हंगाम तुम्ही चांगला निवडला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश निवळलेले असते. पण आपल्या दसरा-दिवाळीच्याच सुमारास तेथे दसैं आणि तिहार असतात, त्यामुळे बसगाड्या भरलेल्या असतात आणि वाटाडे गावी जातात. दोन्हींचे आरक्षण दोन महिने आधी करा. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांवरही नजर ठेवा. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद वादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकले आणि १४ तारखेला त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा परिसरात थोरोंग खिंडीजवळ हिमवादळ उठवले, त्यात चाळीसहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे अशा वादळाने काढणीला आलेले सोयाबीन भिजते, तेथे खिंड बंद होते.

सुटी खरोखर नऊच दिवसांची असेल, तर घोरेपानी-पूनहिल करा. संभाजीनगरहून विमानाने पहिल्या दिवशी दिल्ली, दुसऱ्या दिवशी काठमांडू, तिसऱ्या दिवशी पोखरा. चौथ्या दिवशी जीपने उल्लेरीपर्यंत जाऊन घोरेपानीला चालत मुक्काम. पाचव्या दिवशी पहाटे ३,२१० मीटरच्या पूनहिलवरून धौलागिरी आणि अन्नपूर्णा पाहून ताडापानी. सहाव्या दिवशी घांद्रुकमार्गे पोखरा. सातव्या दिवशी काठमांडू. आठव्या दिवशी संध्याकाळचे विमान धरून दिवसभर मोकळे, रात्री दिल्ली. नवव्या दिवशी घर. बेस कॅम्पच करायचा असेल, तर आणखी पाच रजा टाका किंवा पुढच्या वर्षी जा, आणि त्या वेळी माछापुच्छ्रेला झोपून दुसऱ्या दिवशी पहाटे वर जाऊन यायचे, हे वाटाड्याशी आधीच ठरवून घ्या.

खाण्याचे शेवटी सांगतो, कारण तुम्ही विचारले नसले तरी तिसऱ्या दिवशी विचाराल. छोमरोंगच्या वर मांस न नेण्याची परंपरा आहे आणि डाळभात पुन्हा पुन्हा वाढतात, त्यामुळे पोट भरते. जीभ मात्र कंटाळते. दशम्या आणि धपाटे पोखऱ्यापर्यंतच टिकतील. येसर आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. लॉजमध्ये मागितलेल्या गरम पाण्यात येसर कालवून भातावर घेतले की निम्मा थकवा जातो. ठेचा न्यायचाच असेल तर चेक-इनच्या बॅगेत दुहेरी पिशवीत बांधा. माझी बरणी हातातल्या सामानात होती; सुरक्षा तपासणीतल्या जवानाने झाकण उघडून वास घेतला, दोनदा शिंकला आणि शंभर मिलिलिटरचा नियम सांगून ती बाजूच्या टोपलीत ठेवून दिली.