दोनशे केगल करण्याआधी कोणाकडून तरी एकदा तपासून घ्या

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलंय की प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, रोज दोनशे केगल (लघवी अडवणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम) करता, तरी लघवी गळून संध्याकाळपर्यंत तीन पॅड ओले होतात. हॉस्पिटलमध्ये विचारलं की एकच उत्तर मिळतं, "वेळ लागतो, व्यायाम चालू ठेवा." वाचून राहवलं नाही. माझंही हेच झालं होतं, इथेच नाशकात.

मी डॉक्टर नाही. हे सगळं रेडिकल प्रोस्टेटेक्टॉमी, म्हणजे कॅन्सरमुळे पूर्ण प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन, झालेल्या पेशंटचे अनुभव म्हणून वाचा. तुमची केस वेगळी असू शकते, आणि रेडिएशन झालं असेल तर आणखी वेगळी.

नळी, टाके, पॅड कुठले घ्यायचे हे तुम्हाला आता पाठ झालं असेल, ते सोडतो. तुमच्या पोस्टमध्ये दोनशेचा आकडा आहे, पण योग्य तो स्नायू आवळला जातोय का हे कोणी तपासलं, याचा कुठेच उल्लेख नाही. बहुतेक कोणीच तपासलं नसणार. माझंही तपासलं नव्हतं.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर गोळ्यांच्या यादीला टाचून एक झेरॉक्स मिळाली. बाळंतपणानंतरचे व्यायाम, चित्र बाईचं, आणि वर पेनाने लिहिलेलं, "पुरुषांसाठीही हेच." नेमकं काय आवळायचं विचारलं तर फिजिओकडे पाठवलं. फिजिओ विभागात गुडघे, कंबर, खांदे एवढंच चालायचं. ते म्हणाले, हे युरोलॉजीचं, तिकडेच विचारा. युरोलॉजीच्या खिडकीवर उत्तर आलं, "आम्ही लिहून दिलंय, शिकवणं त्यांचं काम." एकाच इमारतीत, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर. ओला पॅड घालून बाकावर नंबरची वाट बघत बसलेल्या माणसाला परत पाठवताना यांना काहीच कसं वाटत नाही? आजही आठवलं की संताप होतो. लाखो रुपयांचं ऑपरेशन करतात आणि त्यानंतर पंधरा मिनिटं शिकवायला कोणी नाही. नाव लिहीत नाही, कारण अशी टोलवाटोलवी एकाच ठिकाणी चालते असं मला वाटत नाही.

त्यात माझे महिने गेले. कुल्ले आवळायचो, पोट घट्ट करायचो, श्वास रोखायचो. पोट घट्ट केलं की दाब खाली मूत्राशयावर येतो, म्हणजे जेवढा जोर लावू तेवढी गळती. शेवटी बाळंतपणानंतरच्या बायकांना व्यायाम शिकवणाऱ्या एका फिजिओ मॅडमनी बघायची तयारी दाखवली. ओटीपोटावर सोनोग्राफी लावून स्क्रीनवर दाखवलं, की मी आवळतोय असं समजतो तेव्हा मूत्राशयाचा तळ वर उचलला न जाता खाली ढकलला जातोय. मग त्यांनी सांगायची पद्धत बदलली. "शी अडवा" न म्हणता म्हणाल्या, "लिंग आत ओढून आखूड करतोय असं करा." तळ लगेच वर गेला.

यामागचं कारण समजून घ्या. प्रोस्टेट काढताना मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप बंद राहणारी झडप बरीचशी जाते. उरतो तो खालचा, आपल्या इच्छेने आवळता येणारा स्फिंक्टर (लघवीचा मार्ग बंद ठेवणारा गोल स्नायू), आणि आता सगळा भार त्याच्यावर. नुसतं गुदद्वार आवळलं तर जोर मागे जातो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पुरुषांना वेगवेगळ्या सूचना देऊन सोनोग्राफीवर तपासलं होतं. २०१६ साली छापलेल्या त्या अभ्यासात लघवीच्या स्फिंक्टरची हालचाल "लिंग आखूड करा" या सूचनेने सर्वांत जास्त झाली. "मूत्राशय वर उचला" म्हटलं की पोटाचे स्नायू जास्त आवळले जात होते.

घरी पडताळायचं तर आरशासमोर उभे राहा. बरोबर जमलं तर लिंगाचं मूळ थोडं आत जातं, वृषण किंचित वर उचलले जातात. पोट, मांड्या, कुल्ले सैल राहतात आणि तुम्ही बोलू शकता. लघवी करताना धार अडवून बघणं ओळख पटण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक. तोच व्यायाम म्हणून रोज करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आकड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, कोणाला पटो न पटो: दोनशे नको. पाच सेकंद धरायचं, तेवढंच पूर्ण सैल सोडायचं, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जायचं. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, शिवाय थोडे झटपट आवळून सोडायचे. सैल सोडणं विसरलात तर स्नायू दमतो. संध्याकाळी गळती वाढते तीही बऱ्याचदा थकव्यानेच. रात्री आडवं असताना आधी कोरडं राहतं, मग सकाळ, दुपारनंतरचं सगळ्यात शेवटी. त्यामुळे फक्त संध्याकाळ बघून निराश होऊ नका.

खरा फरक पडतो तो व्यायाम कामाला लावल्यावर. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, भाजीची पिशवी उचलणं, या प्रत्येकाच्या आधी आवळायचं. रिक्षातून उतरताना तर नक्कीच. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून, मग जॉगिंग ट्रॅकवर चालताना. गादीवर पडून केलेला व्यायाम उभ्या माणसाला पुरत नाही.

लघवी झाल्यावर पँट वर केली की दोन थेंब येतात, ते वेगळं. वृषणांच्या मागून पुढे बोटांनी हलकं दाबत मूत्रमार्गात उरलेली लघवी काढून टाकायची.

पाणी तोडू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. लघवी गडद झाली की मूत्राशय चिडतं आणि घाई वाढते. चहा मात्र कमी करा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथल्याने सगळा जोर खालीच जातो.

फिजिओ शोधताना आधी फोनवरच विचारा, "प्रोस्टेट ऑपरेशन झालेल्या पुरुषांचं पेल्विक फ्लोअर बघता का?" पेल्विक फ्लोअर म्हणजे हेच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. हो-नाही स्पष्ट घ्या, नाहीतर गंगापूर रोड ते इंदिरानगर नुसते हेलपाटे होतील. शिकवणाऱ्या बहुतेक बायका असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सर्जनकडून चिठ्ठी लिहून घ्या. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो, तो चिठ्ठीशिवाय मागता येत नाही.

प्रत्येक गळती व्यायामाने थांबत नाही, हेही सांगितलं पाहिजे. धार बारीक झाली असेल, जोर करावा लागत असेल तर लघवीचा मार्ग आखडलेला असू शकतो, तिथे केगलचा उपयोग नाही. अचानक घाई होऊन गळत असेल तर त्याची औषधं वेगळी. ताप, रक्ताच्या गुठळ्या, लघवी पूर्ण बंद, यांत वाट बघायचीच नाही. आणि नीट शिकून व्यायाम करूनही सहा महिने ते वर्षात फरक नसेल तर स्लिंग (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम स्फिंक्टर, हे दोन्ही ऑपरेशन करून बसवतात, त्याबद्दल सर्जनना स्वतःहून विचारा. ते आपणहून विषय काढतील याची वाट बघू नका.

पुढच्या भेटीआधी तीन दिवस लिहून ठेवा: किती वाजता किती प्यायलात, कधी लघवी झाली, कधी आणि काय करताना गळलं, वापरलेल्या पॅडचं वजन किती भरलं. वजन स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर पिशवीत घालून करा आणि कोरड्या पॅडचं वजा करा. तो कागद समोर ठेवला की "वेळ लागतो" एवढ्यावर तुमची बोळवण करणं त्यांना जड जातं.