तत्त्वज्ञान शिकायचंय, पण कुठल्या कॉलेजात?

ताई, तुमचं पत्र मिळालं. लेकीला तिकडे अमेरिकेत तत्त्वज्ञानच घ्यायचंय. एकीकडे नावाजलेलं, महागडं खासगी कॉलेज, दुसरीकडे तुमच्याच राज्याचं विद्यापीठ, निम्म्याहून कमी खर्चात. (शेवटी हळूच सरकवलेला इंजिनिअरिंगचा प्रश्न मी वाचलाच नाही असं समजा.)

आधी नावाचं बघू. या विषयात 'फिलॉसॉफिकल गूर्मे रिपोर्ट' या विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान विभागांच्या क्रमवारीचा फार बोलबाला आहे. पण ती पीएचडीला जाणाऱ्यांसाठी आहे. प्राध्यापकांच्या कामाला त्याच क्षेत्रातले लोक गुण देतात. पहिल्या वर्षाच्या मुलीचा निबंध कोण तपासतं, हे त्यात येतच नाही. शिवाय वर्षानुवर्षं अगदी वर असलेल्यांत न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी खासगी, तर रटगर्स सरकारी. तेव्हा महाग तेच चांगलं, हे गणित तिथेही जुळत नाही.

हा विषय शिकायचा म्हणजे मुख्यतः लिहायचं, ते कुणीतरी बारकाईने वाचायचं आणि आपण पुन्हा लिहायचं. म्हणून लेकीला दोन्हीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलायला लावा. तपासून आलेला एखादा निबंध दाखवता का, असं तिने खुशाल विचारावं. समासात 'इथे तू शक्य आणि आवश्यक यांची गल्लत करतेस' असं काही आहे, की खाली नुसताच बी प्लस? मी तरी यावरच सगळ्यात जास्त भिस्त ठेवेन.

माहितीपत्रकातल्या विषयांच्या यादीवर जाऊ नका, गेल्या दोन वर्षांचं वेळापत्रक बघा. तर्कशास्त्र, प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटल, देकार्त ते कान्ट, नीतिशास्त्र नियमित शिकवतात का? यादीत न्याय-वेदान्त ही आपली दर्शनं दिसली की आपण हरखतो; पण शिकवणारे निवृत्त झाले तरी यादी तशीच राहू शकते.

आता पैसा. छापील फी बघून घाबरू नका. अमेरिकेत केंद्राची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या कॉलेजांना २०११पासून संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता खरे किती पैसे भरावे लागतील याचा अंदाज देणारा गणक, ठेवावाच लागतो. त्यात घरचं उत्पन्न भरा, मग दोन्ही आकडे शेजारी मांडा. शिष्यवृत्ती चारही वर्षं आहे का आणि गुण घसरले तर काय, हे लेखी घ्या.

पुढे पीएचडी केलीच, तर तिथले चांगले विभाग फी माफ करून वर स्टायपेंड देतात. कायद्याकडे वळली तर मात्र मोठा खर्च तेव्हाच येईल. म्हणून बीएसाठी मोठं कर्ज काढायला माझं मन धजत नाही. माझा कल राज्याच्या विद्यापीठाकडे आहे. मदत धरून फरक थोडाच उरला आणि भरलेले समास खासगीतच दिसले, तर पुन्हा लिहा.