रिकाम्या जागा भरल्या, पण तोंड उघडेना

या वेळी पिशवीत इंग्रजीचीच पत्रं जास्त निघाली, शेतीची आणि पेन्शनची पुढच्या अंकात घेतो. वाक्यं इथं देवनागरीत छापलीत, वहीत मात्र इंग्रजी अक्षरातच लिहायची, नाहीतर परत मलाच बोल लावाल.

प्रश्न : सर नमस्कार. मी औसा तालुक्यातला, सध्या लातूरला अभ्यासिकेत बसून बँकेच्या परीक्षेची तयारी करायलोय. रोज शंभर रिकाम्या जागा सोडवतो आणि ॲन्सर की बघून मार्क देतो. सत्तर-बहात्तर बरोबर येतात. दोन महिन्यांपासून आकडा तिथंच अडकलाय, पुढं सरकेना. कामून होत असंल? दीडशे सोडवू का? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : अहो-जाहो करत नाही, माझ्या नातवाच्या वयाचा आहेस. दीडशे नको बाबा, तीस सोडव. तुझं सगळं लक्ष त्या सत्तरवर आहे आणि ते सत्तर तर तुला आधीच येत होते, त्यात नवीन काय शिकलास? खरा माल त्या उरलेल्या अठ्ठावीस-तीसमध्ये आहे. मागच्या आठ दिवसांच्या चुका काढ आणि एका पानावर पूर्ण वाक्यं लिहून काढ, नुसता शब्द नाही, पूर्ण वाक्य. मी पैजेवर सांगतो, दोनशे चुका नसतील, पाच-सहाच असतील, फक्त शर्ट बदलून येत असतील.

त्यातली एक तर तुझ्या पत्रातच सापडली. तू लिहिलंस, ‘दोन महिन्यांपासून आकडा अडकलाय’. हे इंग्रजीत करायला दिलं तर दहातले आठ जण ‘सिन्स टू मंथ्स’ करतात. का, तर आपल्याकडं ‘पासून’ एकच. दिवाळीपासून, आणि दोन महिन्यांपासून, दोन्हीला तेच. इंग्रजीत दोन वेगळी खाती आहेत. कॅलेंडरवर बोट ठेवून ‘इथून’ म्हणता आलं तर सिन्स : ‘सिन्स दिवाळी’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स 2019’. नुसतं मोजमाप असेल, किती दिवस किती वर्षं, तर फॉर : ‘फॉर टू मंथ्स’. आणि एवढ्यावर भागत नाही, क्रियापद पण बघावं लागतं, ‘आय ॲम स्टडिंग फॉर टू मंथ्स’ चालत नाही, ‘आय हॅव बीन स्टडिंग फॉर टू मंथ्स’ लागतं. जागा एक शब्दाची असली तरी तिचं मूळ अख्ख्या वाक्यात गेलेलं असतं म्हणून सांगतोय की पूर्ण वाक्य लिही.

दुसरी गंमत सांगतो, ही पुण्याच्या क्लासवाल्यांना सांगता येणार नाही. तू लिहिलंस ‘तयारी करायलोय’. आपल्या भाषेला लोक हसतात पण इंग्रजीचा काळ ओळखायला हे ‘करायलोय, जायलोय, यायलाय’ फार कामाचं आहे. रिकाम्या जागेत ‘गो’ भरायचं का ‘ॲम गोइंग’ असा गोंधळ झाला की वाक्य मनात आपल्या बोलीत म्हणून बघ. ‘मी रोज मोंढ्यात जातो’, इथं ‘जायलोय’ बसत नाही, मग ‘आय गो’. ‘आत्ता मोंढ्यात जायलोय’, बसलं, मग ‘आय ॲम गोइंग’. नव्वद टक्के वेळा हे जमतं असं म्हणणार नाही, मी काय मोजत बसलो नाही, पण बऱ्याचदा जमतं. जिथं फसवतं ती जागा लक्षात ठेव : ‘मला कळायलंय’, ‘मला आठवायलंय’ आपण सर्रास म्हणतो आणि तसंच उचलून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ लिहितो, तिथं मार्क गेला. कळणं, आठवणं, आवडणं, माहीत असणं ही मनातली क्रियापदं इंग्रजीत साधी ठेवतात. ‘आय अंडरस्टँड’. ‘आय रिमेंबर’. झालं.

आता ऑप्शनचं. तयारीच्या दिवसात ऑप्शनवर पट्टी ठेव, आधी स्वतःच्या डोक्यातून शब्द काढ, मग पट्टी सरकव. ऑप्शन बघून बरोबर आलेलं उत्तर हे ‘ओळखलेलं’ असतं, आणि ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. एसटी स्टँडवर एखादा माणूस दिसला की ‘हा आपल्या गावचा’ हे कळतं पण नाव तोंडात येत नाही, तसं.

परीक्षेत मात्र पट्टी काढायची आणि हिशोब करायचा. पाच ऑप्शन आणि चुकलं की पाव मार्क कट असेल, तर शंभर ठिकाणी डोळे झाकून टिक केलं तर सरासरी वीस बरोबर, ऐंशी चूक, ऐंशीचा पाव वीस, हाती भोपळा. पण त्यातला एक ऑप्शन जरी खात्रीनं खोडता आला तर पंचवीस बरोबर, पंच्याहत्तर चूक, पावणेएकोणीस कट, म्हणजे सव्वासहा मार्क पदरात. म्हणून एक तरी खोडता आला तर ठोक, एकही खोडता येत नसेल तर सोडून पुढं जा.

आणि त्या चुकांच्या पानाचं काय करायचं, तर ते वाचायचं नाही. त्या वाक्यातला शब्द झाकून परत भरायचा, उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाहीये.

प्रश्न : माझा मुलगा सातवीला आहे, सेमी इंग्रजी. चाचणीत रिकाम्या जागांना दहापैकी दहा. पण पुण्याहून त्याच्या आत्याचा फोन आला आणि तिनं इंग्रजीत दोन प्रश्न विचारले तर हा भिंतीकडं बघत उभा. मला स्वतःला इंग्रजी येत नाही, माझं शिक्षण मराठीत दहावीपर्यंत. या रिकाम्या जागांचा काही उपयोग आहे का नाही? — एक आई, परभणी

उत्तर : ताई, पोराला रागावू नका, आत्याला सांगा आधी जेवलास का विचार, मग इंग्रजी.

आमच्या वर्गातला किस्सा सांगतो. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, पहिलीपासूनचं इंग्रजी मराठी शाळांत 2000 साली आलं. तर दहावीला गाइडमधल्या वीस रिकाम्या जागा पाठ करून यायच्या होत्या. माझ्या बाकावरच्या पोरानं काय केलं, वाक्यं सोडली आणि नुसती उत्तरं क्रमानं पाठ केली, इज ऑन हॅड टू बाय विथ असं, अंगणात फेऱ्या मारत, आरती म्हणावी तसं. सरांनी पेपरात क्रम उलटा केला. त्यानं तरी वीसच्या वीस जागा भरल्या, एकही कोरी ठेवली नाही, आणि मिळाले दोन. ते दोन मधोमध कसे जुळले याचं त्यालाच नवल. हसलो आम्ही खूप पण खरं सांगायचं तर बाकीच्यांचंही फार वेगळं नव्हतं, आम्हाला क्रमासकट वाक्य पाठ होतं एवढंच.

तुमच्या मुलाचे दहापैकी दहा खोटे नाहीत, पण बहुतेक कंसात शब्द दिलेले असतात, पाच जागा पाच शब्द, चार बसवले की पाचवा आपोआप. त्याच्या तोंडातून शब्द निघायची वेळच आलेली नाही. तर घरी असं करा. काल शाळेत झालेला धडा त्याला मोठ्यानं वाचायला सांगा, पण प्रत्येक ओळीत एका शब्दाच्या जागी त्यानं ताटावर चमच्यानं टक्क करायचं. पुस्तक त्याच्या हातात, तुम्ही ऐकायचं आणि त्या टक्कच्या जागी काय असेल ते तुम्ही ओळखायचं. तुम्हाला येणार नाही, चुकेल, ते पाहिजेच आहे, कारण मग तो तुम्हाला शिकवायला लागेल आणि शिकवताना वाक्य पूर्ण बोलावंच लागतं. आठ दिवसांनी पुस्तक तुमच्याकडं घ्या. अक्षरं वाचता येत असली की पुरे. तुम्ही शब्दावर अंगठा ठेवायचा, त्यानं पूर्ण ओळ म्हणायची, नुसता शब्द सांगितला तर मार्क नाही.

मग तेच वाक्य जरा फिरवायचं. ‘माय मदर मेक्स भाकरी’ आलं की ‘काल’ म्हणून बघा, ‘आजी आणि आई दोघी’ म्हणून बघा, म्हणजे ‘मेक्स’चं ‘मेड’ आणि ‘मेक’ त्याला स्वतःला करावं लागेल. एका वाक्याची तीन झाली. दिवसाला चार वाक्यं खूप झाली, जेवणाआधीच करा, जेवल्यावर पोरं पेंगतात.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. गाइडमधले स्वाध्याय पोरांना पाठ झालेत म्हणून स्वतः वर्कशीट बनवायचंय. उताऱ्यातले कोणते शब्द गाळावेत? आणि एकाच जागेला पोरं तीन वेगळे शब्द लिहितात तेव्हा मार्क कुणाला द्यायचा? — एक शिक्षक, हिंगोली जिल्हा

उत्तर : सर, दोन पद्धती आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं. एक म्हणजे ठरवून गाळणं. आज ‘इन, ऑन, ॲट’ शिकवलं तर तेवढेच गाळायचे. शिकवलेलं पक्कं करायला हीच बरी.

दुसरी मोजून गाळायची. 1953 मध्ये विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन माणसानं ही काढली, दर पाचवा शब्द उडवायचा, कोणता का असेना. त्याला पोरांची परीक्षा घ्यायचीच नव्हती, लिखाण वाचायला किती सोपं आहे हे त्याला मोजायचं होतं. लोकांना जागा भरता आल्या तर लिखाण सोपं. बँकेच्या पेपरात ‘क्लोज टेस्ट’ म्हणतात ती यातूनच आली, तिचा बंद दरवाजाच्या ‘क्लोज’शी थेट संबंध नाही, स्पेलिंगमध्ये एसच्या जागी झेड आहे, ‘क्लोजर’ म्हणजे अर्धवट दिसणारं मनानं पूर्ण करणं यावरून त्यानं तो शब्द घडवला. तुमच्या पोरांना दर पाचवा जड जाईल, दर आठवा-दहावा घ्या. पहिलं वाक्य अख्खं ठेवा, नाहीतर गोष्ट कशाबद्दल आहे हेच कळत नाही.

आणि माहितीचे शब्द गाळू नका. ‘औंढा नागनाथ इज इन ___ डिस्ट्रिक्ट’ ही जागा तुमच्या वर्गातलं कुणीही भरेल, त्यात इंग्रजी कुठं आलं, तो भूगोल झाला. त्याच वाक्यातला ‘इन’ गाळला की इंग्रजी तपासलं जातं. मी वर्कशीटं बघतो त्यात ही चूक इतकी असते की विचारू नका.

वेगळ्या उत्तरांचं म्हणाल तर तो दिवस वाया गेला असं समजू नका, तोच तासाचा खरा दिवस. समजा जागा आहे, ‘द फार्मर ___ द फील्ड बिफोर द रेन’. एकानं ‘प्लाऊड’ लिहिलं, एकानं ‘लेफ्ट’, एकानं ‘प्लाऊ’. पहिल्या दोघांना पूर्ण मार्क द्या, नांगरलं आणि सोडून निघाला, दोन्ही शेतकरी बरोबरच आहेत. तिसऱ्याला अर्धा, शब्द सुचला पण रूप चुकलं. मग तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि पोरांना विचारा पाऊस पडायच्या आधी शेतात नेमकं काय झालं. शेतकऱ्याची पोरं आहेत, मराठीत तरी अर्धा तास बोलतील, त्यातलं एक-दोन वाक्य इंग्रजीत ओढून घ्यायचं काम तुमचं.

प्रश्न : ‘अ एसटी बस’ का ‘ॲन एसटी बस’? आमच्या इथं पैज लागलीय. — अंबडचे तिघं मित्र

उत्तर : ‘ॲन’वाला जिंकला. स्पेलिंगकडं बघायचंच नाही, कानाकडं बघायचं. ‘एस’ म्हणताना आधी ‘ए’ निघतो, म्हणून ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एफआयआर’, आणि ‘अवर’मधला एच मुका म्हणून ‘ॲन अवर’. उलट ‘युनिव्हर्सिटी’ यू अक्षरानं सुरू होत असली तरी तोंडातून ‘य’ निघतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. पैज कशाची होती ते कळवलं नाहीत, चहाची असेल तर हरणाऱ्यानं चौथा कप माझ्या नावानं सांगावा.

प्रश्न : मी नर्स आहे, नाईट ड्युटी असते. मोबाइलच्या ॲपवर रोज पंधरा मिनिटं रिकाम्या जागा करते, शब्दावर बोट लावलं की तो जागेत जाऊन बसतो. पुरेसं आहे का? — एक भगिनी, बीड

उत्तर : रोज करताय हेच खूप आहे, पण ‘बोट लावलं की जाऊन बसतो’ यात शब्द ॲपनं आठवला, तुम्ही नाही. टाइप करायचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर शब्दांवर तळहात ठेवून आधी मोठ्यानं म्हणा, पेशंट झोपलेले असतील तर ओठातल्या ओठात. आणि पंधरातली पाच मिनिटं स्वतःच्या कामाच्या वाक्यांना द्या, कारण ॲपमध्ये सफरचंद आणि मांजर असतात, तुमच्या वॉर्डात नसतात. ‘द पेशंट इज ॲलर्जिक ___ पेनिसिलिन’, ‘टेक धिस टॅबलेट ___ मील्स’. पहिल्यात ‘टू’. दुसऱ्यात ‘आफ्टर’ का ‘बिफोर’ हे तुम्हीच मला सांगाल, ती गोळीवर आहे, व्याकरणावर नाही.

सगळ्यांसाठी चार जागा देतो. ‘ही इज मॅरिड ___ माय कझिन’. ‘आय वेट ___ द बस एव्हरी डे’. ‘शी हॅज बीन इन नांदेड ___ 2019’. ‘वी डिस्कस्ड ___ द क्रॉप इन्शुरन्स’. यातल्या एका जागेत काहीच भरायचं नाहीये, कोणत्या आणि का, ते पोस्टकार्डावर दोन ओळीत लिहून पाठवा, गाइड बघायचं नाही.